‘एकच फांदी आहे’ म्हणणाऱ्या साहेबांस खुलं पत्र

प्रति,
मा. एकच-फांदी साहेब,
(बंगला, रो-हाउस, सोसायटी, फार्महाउस, गोडाऊन, जिथे असाल तिथे)

विषय : आपल्याकडील एका फांदीबाबत.

महोदय,

आपला फोन मिळाला. ‘एकच फांदी आहे, दहा मिनिटांचं काम, येता येता करून जा’ हा मजकूर मला आता तोंडपाठ आहे. फोन कशेळीहून येवो, काल्हेरहून येवो की इथल्याच खारबाव स्टेशनापलीकडच्या नव्या बंगल्यांतून, शब्द बदलत नाहीत. मी सदैव कुठून तरी कुठे तरी निघालेला असतो आणि दोरखंड, करवत, मशीन, पेट्रोलचा कॅन व एक भाचा एवढं सगळं माझ्या खिशात असतं, ही आपली समजूत मोडायला जीव होत नाही. पण दिवा-वसई मेमूत पेट्रोल नेता येत नाही, म्हणून मला टेम्पो करावा लागतो. टेम्पोवाला येता येता काही करत नाही.

तर मी आलो. फांदी एकच होती, हे मान्य. रायवळ आंब्याची, माझ्या कमरेइतकी जाड. झाड आपल्या बंगल्याच्या कितीतरी आधीचं. फांदीखाली पत्र्याची शेड, शेडखाली आपली गाडी, बाजूला पाण्याची टाकी, टाकीशेजारी तुळशीवृंदावन, मधून गेलेली विजेची वायर आणि शेंडा कुंपण ओलांडून शेजाऱ्यांकडे. आपण ही फांदी गच्चीवरून पाहिली होती. गच्चीवरून सगळ्याच फांद्या बारीक दिसतात.

मी भाव सांगितला. आपण हसलात. मग वहिनींना हाक मारून त्यांनाही हसवलंत. आणि म्हणालात, ‘अहो, लाकूड तुम्हालाच ना? त्यातच तुमचं निघतं की. खरं तर तुम्हीच आम्हाला द्यायला हवेत.’

लाकडाचा हिशेब एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या फोनला वेळ वाचेल. सॉ मिलवाल्याला सरळ, जाड बुंधा लागतो. त्याच्या फळ्या पडतात, फळ्यांची पॅलेट होतात आणि ती आपल्याच भिवंडीच्या गोडाऊनांत मालाखाली बसतात. फांदी वाकडी असते, तिच्यात गाठी असतात. शिवाय जुन्या आंब्याच्या फांदीत भिरूड असतं. ही अळी आतून बोगदे करत जाते आणि बाहेर चिमूटभर भुसा टाकते, तेवढीच तिची पावती. अशा लाकडाला गिऱ्हाईक दोन : ढाब्याची भट्टी आणि स्मशान. दोन्हीकडे घासाघीस होते. दुसरीकडे ती माझ्याच्याने होत नाही. राहिला पाला. तो म्हणे ‘टाका कुठे तरी’. हे कुठे तरी म्हणजे आपल्या मनात खाडीकाठ असतो, ते मला कळतं. पण सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरं तोडायला बंदी घातली, तिवरांच्या जागेत राडारोडा-कचरा टाकायलाही मनाई केली आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. तेव्हा पाला टेम्पोत, टेम्पोचं भाडं माझ्याकडे आणि ‘लाकडात निघालेले’ पैसे बहुधा त्या भिरुडाकडे.

आता ती दहा मिनिटं. आपण खुर्ची टाकून बसला होतात, म्हणजे सगळं पाहिलंच असेल. तरी फोनवर बोलताना काही निसटलं असेल तर सांगतो. वर गेल्या गेल्या पहिली गाठ लाल मुंग्यांशी पडली. आंब्याची पानं एकमेकांना शिवून त्यांनी चेंडूएवढी घरं केली होती आणि एका घराला माझा खांदा लागला. त्या डोळ्याच्या पापणीपासून सुरुवात करतात. त्याच वेळी खालून आपला आवाज आला, ‘थांबलात का?’

दोर वरच्या मजबूत बेचक्यातून ओवला, फांदीच्या मधल्या अंगाला गाठ मारली आणि खालचं टोक भाच्याकडे दिलं. त्याने पलीकडच्या नारळाला दोन वेढे घालून ताण घेतला. वेढे नसते तर फांदी सुटताना भाचाच वर आला असता. मग खोडापासून हातभर अंतरावर खालून चीर घेतली, तिसरा हिस्साभर. त्यानंतर चार बोटं पुढे सरकून वरून काप. खालची चीर न घेता वरूनच मशीन चालवलं, की फांदी अर्ध्यावर आपल्याच वजनाने कलते आणि जाताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. तशी सोललेली आंब्याची झाडं आपल्या रस्त्याला आहेत. ती खरंच दहा मिनिटांत झालेली आहेत.

फांदी एका दमात सोडली नाही, तुकडे केले. प्रत्येक तुकडा दोरावर लोंबकळत टाकीला वळसा घालून अंगणात उतरला. तुळशीचं पान हललं नाही. आपण म्हणालात, ‘एवढं हळूहळू चाललंय, तासावर घेता की काय?’

शेवटी राहिलं ते हातभर लांबीचं थोटूक. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक सुरकुतलेली, फुगीर वळी असते. काप तिच्या बाहेरून घ्यायचा, वळीला धक्का लावायचा नाही. झाड जखम बंद करतं ते त्या वळीतून. अमेरिकेच्या वन खात्यात ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी मशीनने हजारो झाडं उभी चिरली आणि आत काय होतं ते पाहिलं. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं, असं त्यांनी दाखवलं. खोडाशी सपाट कापलं की कोंडायची सोयच जाते. हे सगळं मी वरून ओरडून सांगत होतो. आपण खालून म्हणत होतात, ‘तो ठेंगा कशाला ठेवता? सपाट करा ना, दिसायला बरं दिसेल.’ न्हाव्यालाही आपण वस्तरा कुठवर न्यायचा हे सांगता का, एवढंच मला विचारायचं होतं. पण मशीन चालू होतं.

काय कापलं ते अंगणात पडलेलं दिसतं, त्याचा ढीग मोजता येतो, त्यावर घासाघीस करता येते. जे ठेवलं त्याचा ढीग होत नाही. त्या आंब्याची पूर्वेकडची मोठी फांदी मी ठेवली, कारण पश्चिमेची गेल्यावर झाडाचा तोल तिच्यावरच होता, आणि ती आडवी असली तरी तिच्या बेचक्यात चीर नव्हती. हे ठरवायला मला झाडाभोवती तीन चकरा घालाव्या लागल्या, बुंध्यावर कोयत्याच्या मुठीने ठोकून पोकळी ऐकावी लागली. तो वेळ आपण ‘विडी ओढत होता’ असा धरलात. मी विडी ओढत नाही.

काम संपलं तेव्हा आपण खरी गोष्ट काढलीत. ‘आलाच आहात, तर झाडच काढून टाका ना. पानं फार पडतात.’ परवानगीचं विचारलं तर, ‘काही लागत नाही हो, ओळखीचे आहेत सगळे.’ साहेब, आपले ओळखीचे माझे ओळखीचे नसतात. आपल्याकडे ग्रामपंचायत आहे, इथे १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा चालतो. त्याच्या यादीत आंबा आहे, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ आणि तिवरही आहे. दंड मूळ कायद्यात हजार रुपये. तो पन्नास हजारांवर न्यायचं राज्याच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ठरवलं, तेव्हा आपल्या एका व्यवसायबंधूंनी मला फोन करून विचारलं होतं, ‘मग आत्ताच उरकून घ्यायचं का?’ भिवंडी शहराच्या हद्दीत गेलात तर १९७५ चा कायदा. त्यात झाड जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच धरलेलं आहे. म्हणजे बुंध्याला भोक पाडून त्यात हिंग, ॲसिड वगैरे घालायचा आपला शांततेचा मार्गही त्यात आला. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे पन्नास वर्षांवरचं झाड वारसा ठरलं, आणि तोडायचंच झालं तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. आपल्या अंगणात मला पेव्हर ब्लॉक सोडून काही दिसलं नाही, पण आपण मार्ग काढाल.

आणि हिंग घालून मेलेल्या झाडावर चढायला पुन्हा मलाच बोलावाल. ओली फांदी मोडण्याआधी करकरते, सांगते. वाळलेली काही बोलत नाही.

मागे आपण भिंतीतल्या पिंपळासाठी बोलावलं होतंत, ते आठवतं. वीतभर रोप होतं. घरातलं कोणी हात लावायला तयार नव्हतं, कारण पिंपळावर मुंजा असतो. माझ्या घरचा पत्ता मुंजाला ठाऊक नसावा, असा आपला अंदाज. नारळ, उदबत्ती, हळदकुंकू सगळं माझ्या हातून झालं. पाप तुमच्या माथी असं कोणी म्हणालं नाही. वहिनी फक्त म्हणाल्या, ‘तुम्हाला सवय असेल.’ मग ज्येष्ठ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांचाच फोन : पूजेला वडाची चांगली डहाळी हवी, पारंब्या असतील तर उत्तम. ती मी आणून दिली. त्याचे पैसे मात्र न मागता मिळाले.

विम्याचंही आपण आपुलकीने विचारलंत, मशीन सुरू झाल्यावर. तर नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजना आहे. चांगली योजना आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण ती नारळाची. आपल्या आवारात नारळ आणि आंबा यांत चार पावलांचं अंतर आहे. तेव्हा पडायची वेळ आलीच तर मी आधी आंब्यावरून उतरेन, चार पावलं चालेन, नारळावर चढेन आणि मग पडेन. आपण मोबाइलवर शूटिंग करतच असता. तेवढा पुरावा पाठवून द्यावा.

आपला राग येत नाही, असं नाही. पण १७ मे २०२१ आठवतो. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून फोन. त्या दिवशी कोणी ‘येता येता’ म्हणालं नाही, कोणी भाव विचारला नाही. आपल्या गल्लीतला गुलमोहर आडवा पडला होता. आपण म्हणालात, झाडच कच्चं. मी त्याचे तुकडे केले, म्हणून बुड पाहायला मिळालं : रस्त्याकडची मुळं गटारासाठी सपाट कापलेली, घराकडच्या बाजूला बुंध्याला घट्ट भिडलेले पेव्हर ब्लॉक. वर तारांसाठी एका बाजूच्या फांद्या दरवर्षी छाटलेल्या, सगळा भार दुसरीकडे. गुलमोहराची मुळं तशीही वरवर पसरतात. ज्या बाजूला भार होता त्याच बाजूला तो पडला. इतका शिस्तीत वागलेला गुलमोहर मी दुसरा पाहिला नाही.

तर साहेब, मृग लागायला थोडेच दिवस आहेत आणि सगळ्यांची एकच फांदी आहे. थंडीत बोलावलंत तर मला सवड असते, झाडालाही. पण थंडीत आपल्याला झाड दिसत नाही, सावली लागत नसते ना. यापुढे फोनवर फांदीची जाडी सांगू नये. जमलं तर खाली काय काय आहे ते सांगावं. गाडी मी येण्याआधी हलवावी, मी वर असताना नव्हे. मागची बाकी जीपे करावी. ‘सुट्टे नाहीत’ हे कारण जीपेला चालत नाही.

आपला,
झाडावर काम करणारा,
खारबाव, ता. भिवंडी

ता. क. : हे लिहीत असतानाच आपल्या शेजारच्या काकांचा फोन आला. त्यांच्याकडेही एकच फांदी आहे. पत्ता नीट विचारला तेव्हा कळलं, ती आपल्याच आंब्याची पूर्वेकडची, मी ठेवलेली. काका म्हणतात तोडा, तिच्यामुळे सोलर पॅनलवर सावली येते, आणि झाड तुमचं असल्यामुळे पैसे तुम्ही द्याल. लाकूड मात्र त्यांना हवं आहे.