मयत कोंबडीचा पंचनामा

मुक्काम न्यू जर्सी,
ऑक्टोबर अखेर, २०२५

तीर्थरूप दादांचे सेवेशी बापूचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथे सर्व कुशल आहे, म्हणजे मनुष्यमात्र कुशल आहे. कुक्कुटवर्गात मात्र गेल्या दीड महिन्यात दोन इसम मयत झाले, आणि तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन अकरा वर्षे लोटल्यावर ह्या परमुलखात त्या प्रकरणांची चौकशी माझ्या गळ्यात येऊन पडली. हे फोनवरही सांगता आले असते; परंतु ‘कोंबडीच ना?’ एवढे म्हणून आपण फोन वहिनींच्या हाती देता, हा पूर्वानुभव आहे.

यंदाच्या मार्चात येथे अंड्यांचा भाव डझनाला सहा डॉलरांच्या वर चढला आणि चिरंजीवांच्या मनाने स्वावलंबन घेतले. गावच्या नगरपालिकेने सहा कोंबड्यांचा परवाना दिला, मात्र कोंबडा पाळण्यास सक्त मनाई केली; त्यामुळे कोंबडे झाकले तरी उजाडते की नाही, हा आपला पिढीजात वाद येथे उपस्थितच होत नाही. परसात लाकडी खुराडे उभे राहिले. चिरंजीव त्यास ‘कूप’ म्हणतात, तेव्हा प्रथम ते विहीर खणावयास निघाले आहेत असा माझा समज होऊन मी पाणाड्या बोलावण्याविषयी सुचविले होते.

पहिली घटना सप्टेंबरातली. सकाळी कुंपणाच्या जाळीला टेकून एक तांबडी कोंबडी पडलेली होती. मस्तक बेपत्ता, गळ्यापासचा भाग खाल्लेला, बाकी देह जागच्या जागी. चिरंजीवांनी तात्काळ ‘कोल्हा’ असा निकाल दिला. साक्षीपुराव्यावाचून निकाल देणाऱ्यांविषयीचे माझे मत आपणांस विदित आहे. कोल्हा आला असता तर मुद्देमाल जागेवर कशाला ठेवील? येथील तांबडा कोल्हा पहाटे किंवा दिवेलागणीस येतो आणि अख्खे जनावर उचलून नेतो. मागे राहतात ती चार पिसे. मुंडके घुबडही नेते, पण जागा वरून जाळीने झाकलेली होती. विंचवाएवढ्या भोकातून शिरणारे वीझल नावाचे मुंगसाच्या भाऊबंदांपैकी वाटावे असे एक सडपातळ जनावर येथे आहे, परंतु ते एकदा आत शिरले म्हणजे एकीवर थांबत नाही, मानेला चावा घेऊन ओळीने सगळ्यांचा निकाल लावते. आणि येथे तर पाच साक्षीदार जिवंत होत्या, जरी भीतीने त्यांची जबानी होण्यासारखी नव्हती.

मग मी चष्मा लावून पाण्याच्या भांड्याभोवतालचा चिखल पाहिला, तो तेथे पाच बोटांचे, तान्ह्या मुलाच्या तळहातासारखे, लहानसे ठसे. क्षणभर शेजारच्या घरातील रांगत्या मुलाविषयी माझ्या मनात संशय येऊन गेला, हे कबूल करतो. नातीने हसून खुलासा केला की, हा रॅकून. आपल्याकडे हे जनावर नाही म्हणून त्यास नावही नाही. डोळ्यांभोवती दरोडेखोरासारखी काळी पट्टी, शेपटीवर वळी, आणि पुढचे पंजे असे की साधी आकडी सहज काढावी. रॅकून हा शब्द ह्या देशातील मूळ रहिवाशांच्या पोव्हाटन भाषेतला, अर्थ हाताने खरवडणारा. म्हणजे आरोपीचा धंदा त्याच्या नावातच नोंदलेला! हा गृहस्थ जाळीतून हात घालतो, झोपेत जाळीशी टेकलेल्या कोंबडीची मान धरतो, आणि जेवढे भोकातून बाहेर येईल तेवढेच नेतो.

दोष जाळीचा होता. षट्कोनी घरांच्या ज्या जाळीस येथे कोंबड्यांची जाळी म्हणतात ती कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवीत नाही. त्याऐवजी अर्ध्या इंचाच्या घरांचे ‘हार्डवेअर क्लॉथ’ आणावे असे ठरले. कापड म्हटल्यावर मी शिंप्याची चौकशी केली. ते निघाले तारेचे, ताठ, आणि माझ्या दोन बोटांचे रक्त घेतल्यावाचून न वळणारे. ते चुकांनी न ठोकता स्क्रू व चकत्यांनी आवळले, कारण चुका उपटल्या जातात. पायथ्याशी बाहेरच्या अंगाला फूटभर रुंद पट्टा जमिनीवर आडवा पसरला, कारण उकरणारे जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरते आणि मागे सरून उकरण्याची अक्कल त्यास सहसा सुचत नाही. दारास एकाऐवजी दोन कड्या, वर स्प्रिंगचा आकडा. तो मलाही उघडत नाही, हा त्याच्या भक्कमपणाचा पुरावा समजावा.

दुसरी घटना भरदुपारची. कोंबड्या हिरवळीवर चरत असता एक गेली, आणि गवतावर पिसांचे वर्तुळ तेवढे उरले, जणू कोणी बसून निगुतीने उशी उसवली. हे काम ससाण्याचे. परंतु येथे फिर्यादीचेच हात बांधलेले! १९१८ सालचा स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा एक कायदा आहे. १९७२ साली शिकारी पक्ष्यांनाही त्याचे छत्र मिळाले, आणि आता ह्या खुन्यास मारणे तर राहोच, त्याचे गळलेले पीस घरात ठेवणे हाही गुन्हा. नातीने असे एक पीस वहीत ठेवले होते. ते मी रातोरात, घरात कोणासही न कळविता, जेथल्या तेथे नेऊन टाकले. चिरंजीवांनी प्लास्टिकचे घुबड आणून खांबावर बसविले. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर चिमणी बसलेली पाहून मी त्या घुबडाची नेमणूक रद्द करविली व चरण्याच्या जागेवर वरूनही जाळी घातली.

तिसरे प्रकरण अंडीचोरीचे. विजेरी घेऊन गेलो तो अंड्यांच्या पेटीत मांजराएवढे, टोकदार तोंडाचे, पन्नास दातांचे जनावर बसलेले. हा ओपॉसम, कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेला. मजकडे पाहताच त्याने अंग टाकले, तोंड वासले, आणि अशी दुर्गंधी सोडली की मृत्यूविषयी संशय उरू नये. माझ्यामुळे हृदयक्रिया बंद पडली ह्या जाणिवेने मी व्यथित होऊन फावडे आणावयास गेलो. परतलो तो मयत इसम फरारी. संकटात त्यास ही मूर्च्छा आपोआप येते, असे नात सांगते. सदतीस वर्षांच्या नोकरीत, वसुलीचे वेळी अशी मूर्च्छा येणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले. गंध तेवढा नव्हता.

जमाखर्च मी मांडला आहे. जाळी, लाकूड, कड्या व घुबड धरून आमचे एक अंडे बाजारातल्या डझनाहून महाग पडते. तो कागद चिरंजीवांनी मजकडून घेतला व सूनबाईंस न दाखविण्याची विनंती केली. तथापि खरे सांगतो, दादा, आधीचे सहा महिने ह्या घरात मला कोणी काही विचारीत नव्हते. आता सकाळी उठल्याबरोबर सारे जण ‘रात्री काय झाले?’ म्हणून प्रथम मजकडे येतात.

एक नाजूक गोष्ट उरली. आपल्या घरी आईच्या डाल्याखालची अंडी कोण नेत असे, असे नातीने काल विचारले. मी मुंगूस म्हणून सांगितले. टरफले गोठ्यामागे सापडत व शेजारी मिठाची पुडी असे, हा तपशील मी दिलेला नाही. मुलगी चौकस आहे. पुढचा फोन येईल तेव्हा ती आपणांसही स्वतंत्रपणे विचारणार आहे. जबान्या जुळाव्यात.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बापू