हूटर बंद, दिवा चालू

सुरतजवळच्या हजिऱ्यातल्या गॅस नाहीतर युरिया प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. अलार्म वाजला की ऑपरेटर ‘अॅक्नॉलेज’चं बटण दाबतो. हूटर गप्प होतो. पॅनेलवरचा दिवा मात्र विझत नाही, त्याचं लुकलुकणं तेवढं थांबतं. पाइपातला दाब ठिकाणावर आला की मगच तो विझतो.

विचार थांबवा, कायमची शांती मिळेल, असं सांगत फिरणाऱ्यांना हा दिवा एकदा दाखवला पाहिजे. हूटर बंद करायला ते छान शिकवतात. दाबाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

हूटर बंद करण्यालाही मोल आहे. १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या जेमतेम ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांवर २७५ अलार्म कोसळले होते. त्या कल्लोळात खरा कुठला, हे कळावं कसं? डोकं असं भणभणत असेल तर श्वासावर लक्ष ठेवून जरूर बसावं. पण गोंगाट निवल्यावर जो एक अलार्म वाजत राहतो, त्याचं काय करायचं?

लिंबायत, उधन्यातून रोज हजिऱ्याला येणारा आपला खानदेशी ठेका-कामगार घ्या. नाइट करून तो सकाळी घरी येऊन पडतो आणि डोळा लागत नाही. ठेका बदलला तर गेटपास पुन्हा निघेल का? पोरीची फी कधी भरायची? गावाकडे आईचे गुडघे गेलेत. याला मनाचा चाळा म्हणायची हिंमत मला होत नाही. हा माणूस घर चालवतोय, म्हणून त्याचं डोकं चालतंय. ‘विचार सोडून दे’ म्हटल्यावर त्याला वीस मिनिटं बरं वाटेल, गेटपासची तारीख आहे तिथेच राहील.

आणि कायमची म्हणजे किती? इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. तिथून निघताना साधकाला सांगतात, घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा. शिकवणारेच रोजचा रियाज सांगतात, तर कायमच्या शांतीचा शब्द द्यायला बाकीचे कोण? तिथेही विचारांचा गळा आवळायला शिकवत नाहीत, श्वास आणि संवेदना पाहायला शिकवतात. आपल्या रामदासांनीही मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. गप्प बसवायचं असतं तर एवढं बोलले असते का?

तेव्हा कारखान्यात ध्यानाची शिबिरं भरवणाऱ्या साहेबांनो, शिबिर घ्याच, त्या माणसाला विसावा हवाच आहे. पण त्याच आठवड्यात ठेकेदाराला बोलवा. कामगाराचा पीएफ भरलाय की नाही आणि गेटपास कधीपर्यंत चालेल, हे त्याच्या हातात लेखी द्या.