गोफ, सेफ्टी पिन आणि डीप फाइन लेग

कॉलेजच्या जिमखान्यात दोन प्रकारची मुलं असतात. काहींना खेळता येतं आणि उरलेल्यांना खेळाडूसारखं दिसता येतं. दुसरं काम जास्त कष्टाचं, कारण त्याला सुट्टी नसते. मी मध्यमगती गोलंदाज होतो. त्यातलं ‘मध्यम’ तेवढं वादातीत होतं.

साल 1993. विनोद कांबळीने फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224 आणि मार्चमध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध 227 ठोकल्या होत्या. मुंबईच्या तमाम पोरांनी त्याच्याकडून काही ना काही उचललं. कुणी उंच धरलेली बॅट घेतली, कुणी फिरकीला पुढे सरसावणं घेतलं. मी पडलो गोलंदाज, त्यामुळे माझ्या वाट्याला त्याच्या गळ्यातली चेन आली.

सोनं घरात होतं. मुंजीत मामाने घातलेला दीड तोळ्याचा गोफ गोदरेजच्या कपाटात, आईच्या शालूच्या घडीत पडून होता. तोळ्याचा भाव तेव्हा चार हजारांच्या वर. आई म्हणाली, “तुला बोलिंग टाकायचीय की बोहल्यावर चढायचंय?” बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले, “घालू दे गं एकदा. मॅच तशीही लवकर संपते त्याची.”

आई तयार झाली, पण अटींवर. गाडीत खिडकीशी बसायचं नाही, दारात उभं राहायचं नाही, पारसिकच्या बोगद्यात हात गळ्यावरून काढायचा नाही, आणि शर्टाचं वरचं बटण व्हीटीपर्यंत उघडायचं नाही. शिवाय एवढी मोठी सेफ्टी पिन काढून तिने गोफ आतून बनियनला टाचला. जगाला दाखवायला घेतलेली वस्तू मी डोंबिवलीपासून जगापासून लपवत निघालो. ठाणं यायच्या आत एका सद्गृहस्थांनी “घसा धरलाय का रे?” असं विचारून मला लवंग दिली. सोनं वाचवायला ती चावणं भाग होतं.

आझाद मैदानावर पोचल्यावर मी वरची दोन बटणं सोडली आणि पिन काढून खिशात टाकली. गोफ उन्हात झळकला. पहिल्या ओव्हरला धावत निघालो, तर तो डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जाऊन परत येऊ लागला आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी हनुवटीवर आपटू लागला. तिसऱ्या चेंडूला फलंदाजाने हात वर केला. “अंपायर, ह्याच्या गळ्यातलं डोळ्यांवर चमकतंय.”

अंपायरकाकांच्या कमरेला दोन स्वेटर होते आणि डोक्यावर टोप्यांची चळत. मी गोफ त्यांच्यापुढे धरला. ते दोन पावलं मागे सरकले. “टोपी दे, स्वेटर दे, घराची किल्ली दे. सोनं नको. मुलीचं लग्न तोंडावर आहे माझ्या. उगाच मनात नको ते यायचं.”

तंबूत ठेवायचा तर तिथे बारावा खेळाडू बसलेला, आणि त्याचे पैसे मी गेल्या सत्रापासून देणं लागत होतो. तो आपणहून हिशेब पुरा करण्याचा धोका होता. स्कोअरर म्हणाला, “ठेव, पण नंतर मला विचारायचं नाही.” शेवटी मी गोफ पँटच्या खिशात कोंबला आणि आईची पिन खिशाच्या तळाला आतून टाचली. पुढच्या चेंडूला रन-अपच्या मध्यावर पिन उघडली आणि मांडीत घुसली. इतकी उंच उडी मी पूर्वी कधी मारली नव्हती. चेंडू वाइड गेला. कप्तानाने काही न बोलता डीप फाइन लेगकडे बोट दाखवलं. पिन तिथल्या तिथे चाचपून लावली आणि चालू लागलो.

आझाद मैदानात एकूण 22 खेळपट्ट्या. एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्याच्या मिडविकेटला धक्का देऊन उभा असतो. त्यात माझी नजर तंबूजवळ रेंगाळणाऱ्या माणसांवर आणि हात खिशात. एकदा वरून चेंडू आला. मी तो धावत जाऊन, सूर मारून झेलला आणि जीव तोडून आरोळी ठोकली. झेल उत्कृष्ट होता, फक्त तो शेजारच्या सामन्यातला होता. त्याच वेळी आमचा चेंडू माझ्या मागून निवांत सीमेपार गेला. कप्तान धावत आला. “अरे, ह्याच मैदानावर 88 साली कांबळी नाबाद 349 काढून गेला. सचिनबरोबर 664 ची भागीदारी! खिशात हात घालून काढली का ती?”

मी उत्तर द्यायला खिशातला हात काढला आणि पुन्हा घातला. खिसा रिकामा होता.

माझ्या तोंडून “सोनं!” एवढा एकच शब्द निघाला, पण तो पुरला. आमचा सामना थांबला, शेजारचाही थांबला. दोन्हीकडचे क्षेत्ररक्षक गुडघ्यांवर आले. अंपायरकाकांनी मैदानाचे चौकोन पाडून दिले. बारावा खेळाडू, स्कोअरर, प्रतिस्पर्ध्यांचे पॅड बांधून बसलेले फलंदाज, एक शेंगदाणेवाला आणि कोर्टाच्या तारखेला निघालेले दोन पक्षकारही गवतात बोटं फिरवू लागले. आमच्या कॉलेजच्या मॅचला एवढी गर्दी त्याआधी झाली नव्हती.

बऱ्याच वेळाने मी उठून उभा राहिलो, तेव्हा गुडघ्याशी काहीतरी गार लागलं. पिनेने खिशाच्या तळाला भोक पाडलं होतं. त्यातून गोफ आत उतरला होता आणि आईच्याच पिनेला धरून मांडीवर लोंबकळत होता. “सापडला!” म्हणून मी ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे आपापल्या तंबूंकडे वळले.

आमच्या तंबूत बॅगा होत्या, त्यांत काही नव्हतं. पाकिटं गेली, घड्याळं गेली, रोजचे बूट गेले आणि रेल्वेचे पास गेले. चोराने मन लावून काम केलं होतं. त्याला वेळही आम्हीच काढून दिला होता. संपूर्ण संघात मौल्यवान म्हणावी अशी एकच वस्तू शिल्लक होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. यष्टिरक्षक सहज बोलावं तसा म्हणाला, “झवेरी बाजार इथून चालत जाण्यासारखा आहे.”

मी गोफ झटकन गळ्यात घातला. व्हीटीला आमची वरात खिळ्यांचे बूट खडखडवत शिरली आणि टीसीने अडवलं. कप्तानाने चोरीची हकीकत सांगितली. टीसीने ती शांतपणे ऐकली, मग माझ्या गळ्याकडे पाहिलं. “एवढ्यांचं सगळं गेलं, आणि चोराने हे सोडलं?” या प्रश्नाला आजही माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. घरून पैसे येईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. ते आले माझ्याच घरून.

हल्ली मात्र मला एकटं वाटत नाही. अमेरिकेत 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले आणि पोरांच्या गळ्यांना बाळसं आलं. 2023 च्या ऑक्टोबरात कोलोरॅडो विद्यापीठाचा फुटबॉल संघ पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवर यूसीएलएशी खेळायला गेला. त्यांचा क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्स मनगट उंचावून घड्याळ दाखवण्याच्या खुणेसाठी प्रसिद्ध. मुलं मैदानात 28-16 अशी हरत होती, तेव्हा तिकडे लॉकर रूममधून त्यांचे दागिने गेले. प्रशिक्षक होते शेड्यूरचे वडील डिऑन सँडर्स. उमेदीत ते स्वतः गळाभर सोनं घालून मिरवले होते. त्यांनी पोरांना भरपाई मिळालीच पाहिजे, असं जाहीरपणे सांगितलं. आमच्या सरांनीही भरपाई मागितली होती. ती माझ्याकडे.

एवढं सगळं मी परवा भाच्याला ऐकवलं. तो कॉलेजच्या संघात आहे आणि त्याला माझा गोफ हवा आहे. मामा म्हणून नाही म्हणवेना.

“घाल,” मी म्हटलं, “पण रेल्वेचा पास तेवढा मोज्यात ठेव.”

“मामा, पास फोनमध्ये असतो.”

“आणि पैसे?”

“फोनमध्ये.”

“आणि मॅच चालू असताना फोन?”

“तंबूत. बॅगेत.”