दुसऱ्या मात्रेवरची टाळी

मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण टाळी येते, अशी माझी चौसष्ट वर्षांची समजूत होती. ती निराधार नव्हती. गिरगावात असताना माझा धाकटा भाऊ तबला शिकायला जायचा आणि त्याला सोबत म्हणून मला पाठवत. मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझे हात पाहिले, एक सुस्कारा सोडला आणि मला कोपऱ्यात बसून टाळी देण्याचं काम नेमून दिलं. तीनतालाच्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात उगाच हवेत, दारातून कुणाला ‘या’ म्हणावं तसा. चार वर्षं मी हे केलं. भाऊ पुढे बँकेत लागला आणि तबला विसरला. माझी टाळी मात्र शाबूत राहिली. ती चुकीच्या जागी पडते हे मला सॅन फ्रान्सिस्कोत एका फिलिपिनो आजींनी दाखवलं, आणि तेही एक शब्द न बोलता.

या आजी माझ्या मुलाच्या शेजारी राहतात. डेली सिटी हे सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला लागून असलेलं गाव. तिथे धुकं आणि फिलिपिनो माणसं या दोन्ही गोष्टी मुबलक. दुपार कलली की समुद्राकडून धुकं येतं, भाताच्या पातेल्यावरचं झाकण कुणी काढावं तसं, आणि समोरची घरं दिसेनाशी होतात. शेजारच्या या बाईंना सगळे लोला म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. बऱ्याच दिवसांनी कळलं की लोला हे नाव नव्हेच, लोला म्हणजे आजी. माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईंना मी दोन महिने ‘आजी, आजी’ करत होते आणि त्या निमूट ओ देत होत्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी निळ्या काठाच्या बशीतून लुंपिया पाठवल्या, बोटाएवढ्या कुरकुरीत गुंडाळ्या, आत कोळंबी. बशी रिकामी परत करायची नाही हा आपला नियम, म्हणून मी त्यातून खोबऱ्याच्या वड्या धाडल्या. त्यांच्याकडेही नेमका तोच नियम निघाला. त्यामुळे ती बशी आमच्या दोन दारांमध्ये कोर्टातल्या तारखेसारखी येरझारा घालू लागली आणि निकाल लागायचं चिन्ह दिसेना. एका शनिवारी तिच्यात केळीच्या पानावर भाजलेला, तांदळाचा मऊ बिबिंग्का आला. नावाने तो गोव्याच्या बेबिंकेचा आणि चवीने आपल्या सांदणाचा नातेवाईक वाटला. त्याच्या कडेला, थोडंसं तुपकट झालेलं, एक तिकीट होतं. फिलिपिनो आणि फिलिपिनो-अमेरिकन जॅझ वादकांच्या गौरवाचा कार्यक्रम. लोलांचा नातू त्यात डबल बास वाजवणार होता.

सभागृह शहरातल्या साऊथ ऑफ मार्केट भागात. तिथल्या काही गल्ल्यांना फिलिपिन्सच्या वीरांची नावं आहेत: रिझाल, बोनिफासिओ, माबिनी. एका गल्लीचं नाव लापू-लापू. १५२१ साली मॅगेलन मसाल्याच्या बेटांच्या शोधात निघाला असताना माक्तानच्या किनाऱ्यावर ज्याच्या माणसांनी त्याची वाटचाल कायमची थांबवली, तो हा लापू-लापू. चालता चालता लोलांनी सांगितलं की त्यांच्याकडे एका माशालाही लापू-लापूच म्हणतात. त्यांनी हातांनी मासा काढून दाखवला, तो मला आमच्या हेकरूसारखा वाटला. वीरपुरुषाचं नाव गल्लीला द्यावं हे समजू शकतं. पण ते कालवणात सोडायचं म्हणजे त्याच्यावर केवढी माया हवी!

आत गेलो तर कार्यक्रम कुठला, लग्नघरच! रांगारांगांतून ‘मानोंग, मानोंग’ अशा हाका चालल्या होत्या. मानोंग म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबायला शंभरएक वर्षांपूर्वी आलेल्या त्या पहिल्या फिलिपिनो पिढीला आजही सगळे मानोंगच म्हणतात. पाठीमागे कुणीतरी डबे उघडत होतं, लसणीचा आणि व्हिनेगारचा वास दरवळत होता. सात वाजता सुरू व्हायचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मग बास घुमला, ड्रमवर ब्रशची सळसळ झाली, आणि पियानो पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले. चार मात्रांचा सोपा हिशेब. मी गिरगावचं सगळं पुण्य पणाला लावून समेवर टाळी दिली. सणसणीत. आणि त्या सबंध सभागृहात ती एकटीच वाजली, पंगतीत श्लोक संपायच्या आत कुणी घास घ्यावा तशी. बाकीच्यांची टाळी दुसऱ्या मात्रेवर पडली. मला वाटलं लोकांचं चुकलं. मी पुन्हा पहिलीवर दिली, त्यांनी पुन्हा दुसरीवर आणि चौथीवर. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलाने वळून माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे सम म्हणजे घर. सगळं भटकून झालं की गाणं तिथे येऊन टेकतं, आणि आपण मान डोलावून त्याला आत घेतो. ही माणसं मात्र घर सोडून पुढच्या वळणावर उभी राहून टाळ्या देत होती.

तेवढ्यात लोलांनी माझ्याकडे न बघता माझा उजवा हात धरला. पहिल्या मात्रेला धरून ठेवला, दुसऱ्या मात्रेला सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. आपण मुलाच्या मुठीत पेन्सिल देऊन, त्याची मूठ आपल्या मुठीत घेऊन ‘श्री’ गिरवून घेतो, तसं त्यांनी माझ्याकडून चांगलं दोन मिनिटं गिरवून घेतलं.

मधल्या निवेदनात ट्रम्पेटवाल्या वयस्क गृहस्थांनी जुन्या गोष्टी सांगितल्या. १८९८ साली स्पेनने फिलिपिन्स बेटं दोन कोटी डॉलरांना अमेरिकेच्या हवाली केली. व्यवहारात माणसांना कुणी विचारलं नाही, तेव्हा त्यांच्या वाद्यांना कोण विचारतंय? पण स्पेनच्या चर्चांनी तीनशे वर्षं या बेटांना सूर वाचायला शिकवले होते, आणि नव्या मालकांच्या सामानाबरोबर बँडची पितळी वाद्यं आणि नवे ठेके आले. १९०४ च्या सेंट लुइसच्या जत्रेत फिलिपिन्स कॉन्स्टॅब्युलरीचा बँड गेला होता. बँडमास्तर होते वॉल्टर लव्हिंग नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकन. असं सांगतात की ऐन वादनात दिवे गेले. लव्हिंगनी छडीला पांढरा रुमाल बांधला आणि अंधारात तो एक रुमाल हलत राहिला. बँड थांबला नाही. त्या अंधारात टाळ्या कुणी कुठल्या मात्रेवर दिल्या, हे मात्र कुणीच सांगत नाही.

१९२१ च्या सुमाराला लुइस बोरोमिओ नावाचे पियानोवादक अमेरिकेतले रंगमंच गाजवून मनिलाला परतले आणि त्यांनी तिथे जॅझचा थाट मांडला. त्यांच्या खेळांना मूळ शब्द वोडव्हिल. पण तिथल्या जिभेला ‘व’ जड, म्हणून तो झाला ‘बोदाबिल’, आणि तसाच रुळला. आपण बॅन्जोची बेंजो पार्टी केली आणि गणपतीपुढे नाचवली, त्यातलाच प्रकार. पुढे शांघाय, हाँगकाँग, सिंगापूर, जिथे म्हणून जहाज लागे आणि संध्याकाळी साहेबलोक नाचत, तिथे मनिलाचे वादक उभे असत. पाटीवर ‘मनिला बँड’, त्याखाली माणसांची नावं क्वचित.

हे ऐकताना मला आपले गोंयकार आठवत होते. तीच चर्चची शाळा, तेच व्हायोलिन, तीच बोट, तेच हॉटेल. राज्य स्पेनचं नसून पोर्तुगालचं, एवढाच काय तो फरक. १९५१ चा ‘अलबेला’ आमच्या घरी माझ्या काकांच्या अंगात यायचा. संगीत सी. रामचंद्रांचं म्हणजे आपल्या चितळकरांचं, नाच भगवानदादांचा, हे काका अभिमानाने सांगत. पण त्या गाण्यांतला झगमगाट ज्यांच्या ट्रम्पेटमधून येत होता ते चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ, यांचं नाव मला कळलं ते काका गेल्यानंतर. त्या सिनेमात ते पडद्यावर दिसतातसुद्धा. काकांनी त्यांना किती वेळा पाहिलं असेल आणि प्रत्येक वेळी टाळी भगवानदादांना दिली असेल! मीही तेच केलं होतं.

तर या कार्यक्रमात, मागच्या खुर्चीवरच्या माणसांना पुढे बसवायचं ठरलेलं होतं, आणि पुढे बसल्यावर हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. निवेदन संपलं की ट्रम्पेटवाले दरवेळी दोन पावलं मागे सरकत. सॅक्सोफोनवर एका मुलाने गेब बाल्टाझार यांच्या आठवणीत एक संथ चीज वाजवली. बाल्टाझार हवाईतल्या हिलोचे, वडील फिलिपिनो, आई जपानी-अमेरिकन. १९६० ते १९६५ ते स्टॅन केंटनच्या ऑर्केस्ट्रात होते. चीज संपली तरी मुलगा टाळ्यांकडे पाठ करून वाद्याची पट्टी सारखी करत राहिला. एका मुलीने कुलिंतांग वाजवलं: एका लाकडी चौकटीवर ओळीने मांडलेल्या आठ घंटा, मधोमध बेंबीसारखा उंचवटा असलेल्या, मिंडानाओकडच्या. पाहताना वाटावं, आता झाकणं उचलून आठ भाज्या वाढतील. ते वाद्य शिकलेल्या, टेक्ससमध्ये वाढलेल्या तालवादक-संगीतकार सूझी इबारा यांना २०२५ चं संगीताचं पुलित्झर मिळालं, हे सांगताना ट्रम्पेटवाले चक्क एक पाऊल पुढे आले.

आणि मग बॉबी एन्रिकेझ. हे पियानोवादक बोटांबरोबर मुठींनी, कोपरांनी, कराटेच्या हातानेही वाजवायचे, म्हणून त्यांना ‘मिंडानाओचा रानगडी’ असं बिरुद मिळालं. पण ते जन्मले बाकोलोदला, आणि बाकोलोद नेग्रोस बेटावर आहे. म्हणजे सावंतवाडीच्या माणसाला ‘विदर्भाचा वाघ’ म्हणण्यासारखं झालं. १९९६ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला वारले. त्यांना मानवंदना द्यायला जे गृहस्थ पियानोवर बसले होते ते दिवसा दातांचे डॉक्टर असतात, असं लोला माझ्या कानात कुजबुजल्या. त्यांनी आधी कोट काढला, शिवणीवर घडी घातली, तो बाकाच्या टोकाला ठेवला, त्यावर घड्याळ ठेवलं, बाह्या दोन-दोन वळशांनी वर घेतल्या आणि मग अत्यंत शिस्तीत रानटी झाले. उजवं कोपर पट्ट्यांवर आदळलं तेव्हा लोलांनी डोळे मिटले, दाढ काढताना मिटावेत तसे.

शेवटी एका बाईंनी कुंदिमान गायलं. हे तिकडचं जुनं प्रेमगीत. आधी उदास सुरांतून चालतं आणि उत्तरार्धात हळूच उजळतं, धुक्यात कुणी खिडकी उघडल्यासारखं. साथ जॅझची, पण कुणी ठेका धरला नाही. मला भाषा येत नाही, तरी मधेच एक शब्द कानाला लागला: ‘मुखा’. मी लोलांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोट फिरवलं. आशेला त्या ‘आसा’ म्हणतात, गरिबाला ‘दुखा’, शिक्षकाला ‘गुरो’. हे शब्द आपल्या बाजूने त्या बेटांवर कोणत्या गलबतातून कधी उतरले असतील कोण जाणे. ते परत आले नाहीत. तिथेच संसार थाटला.

गाणं संपल्यावर क्षणभर कुणीच टाळी दिली नाही. खाली. तेवढ्यात लोला हळू आवाजात सांगू लागल्या. त्यांचे यजमान हाँगकाँगच्या एका हॉटेलात वर्षानुवर्षं सॅक्सोफोन वाजवत. त्यांनी यजमानांना रंगमंचावर कधीच ऐकलं नाही. त्या मनिलाला पोरं सांभाळत होत्या. यजमान सुट्टीला घरी आले की न्हाणीघरात दार लावून रियाज करत, तेव्हा अर्ध्यामुर्ध्या सुरावटी ऐकू यायच्या, एकही पुरी नाही. बाहेर ओट्यापाशी उभ्या राहून लोला पळीने पातेल्यावर ठेका धरायच्या. पहिल्या मात्रेवर वाजलं की आतून ओरडा यायचा. एवढं सांगून त्या टाळ्या वाजवू लागल्या, सगळ्यांच्या आधी.

कार्यक्रमानंतर नातू घामाने निथळत खाली आला. आल्या आल्या त्याने लोलांचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. ही त्यांची वाकून नमस्कार करण्याची रीत, मानो. मग तो माझ्याकडे वळला. मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला होता. त्याने तो अर्ध्या वाटेत पालथा करून घेतला आणि कपाळाला टेकवला. टाळ्यांनी माझा तळवा अजून लालबुंद होता. ‘औक्षवंत हो,’ मी मराठीत म्हटलं, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. त्याने ‘थँक यू, लोला’ म्हटलं. आता मीही लोला झाले होते.

दुसऱ्या दिवशी बशीची पाळी माझी होती. मी थालीपिठाची भाजणी मळली आणि तव्यावर गोळा थापायला घेतला. हात इतकी वर्षं समेवर पडायचा, तो पहिल्या मात्रेला आपसूक अडला आणि दुसरीवर पडला. मग चौथीवर. थालीपीठ एका बाजूला जाड झालं, दुसऱ्या बाजूला भोक पडलं. मी तेच बशीत ठेवलं.