निम्म्या आकड्याच्या वेड्यांची स्तुती

मार्च संपत आला की झाडीपट्टीतल्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या, कचेऱ्यांत नव्या वर्षाचे तक्ते फिरू लागतात. उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी. अशा आढावा बैठकीत एखादा उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, एवढं व्हायचं नाही. याच्या निम्मं होईल, पण तेवढं नक्की करतो." बैठक त्याला वेड्यात काढते. शेजारचा 'शंभर टक्के करतो सर' म्हणून खाली बसलेला असतो. मला या उभ्या राहिलेल्या वेड्याची स्तुती करायची आहे, अगदी मनापासून.

1 जुलै 2016 रोजी राज्यात एका दिवसात 2 कोटी झाडे लावायचे ठरले. पुढच्या वर्षी आकडा 4 कोटी झाला, मग 13 कोटी, आणि 2019 साली 33 कोटी. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूर जिल्ह्याचेच. हेतू चांगला होता, झाडे हवीच होती. पण आकडा दुपटी-तिपटीने वाढला तसे बीट सांभाळणारे वनरक्षक वाढले नाहीत. रोप लावल्याची नोंद त्याच संध्याकाळी होते. ते जगले की नाही हे मे महिन्यात कळते, चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे गेल्यावर, आणि तेही एकदा नव्हे, ओळीने दोन-तीन उन्हाळे. 'मी थोडी लावतो, पण ती जगवतो' असे म्हणणारा वनरक्षक टक्केवारीच्या रकान्यात कायम मागे राहणार. तरी माझा दंडवत त्यालाच.

या वेडेपणाची परंपरा इथे जुनी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली गडचिरोलीत आले. खेड्यापाड्यांत बाळे न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास हे मोजावे लागते, आणि गावच्या दाईची मोजणी दहा-बाराशी थांबायची. कोणीही म्हणाले असते, आधी दाई शिकू दे, नाहीतर गावोगाव डॉक्टर बसवा. बंगांनी दाईला जेवढे मोजता येते तेवढेच धरले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी, एवढेच यंत्र. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. दाईची मोजणी दहाच्या पुढे गेली नाही आणि निदान मात्र होऊ लागले.

नंतर त्यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांचा प्रयोग हाती घेतला तो 39 गावांत. अख्खा जिल्हा हाताशी असताना 39 गावे! गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडली तर इंजेक्शन देणे, हे सगळे त्या बाळाच्या घरी जाऊन करू लागल्या. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंत 62 टक्के घट.

आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, त्याचे मूळ या गावांत आहे. बाळंतपण घरी झाले तर पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, 14, 21, 28 आणि 42. बालमृत्यू इतक्या टक्क्यांनी कमी करा, असा हुकूम आशाताईला दिला तर ती काय करणार? ते तिच्या एकटीच्या हातातले नाही. तिसऱ्या दिवशी त्या घरी जाणे मात्र तिच्या हातात आहे. टीमला उद्दिष्ट द्यायचे तर ते असे असावे, की काम करणाऱ्यालाच रात्री आपले आपण सांगता यावे, आज झाले की नाही.

हाताबाहेरचा आकडा मागितला की माणूस नोंदवही सांभाळू लागतो. 'कोवळी पानगळ' हा 2001 चा अहवाल गाजला तो यामुळेच. महाराष्ट्रात खरे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे त्याने दाखवले. नोंदच झाली नाही तर त्या बाळाच्या वाट्याला कुणाची चौकशीही येत नाही. मला याचा राग येतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे वेड आणखी पुढचे. तिथे ग्रामसभा बहुमताने ठरवतच नाही. एकाचाही विरोध असला की निर्णय लांबणीवर, चर्चा पुन्हा सुरू. कोणत्याही व्यवस्थापकाला घाम फुटेल. पण याच गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 साली आपला बांबू आपल्याच वाहतूक परवान्यावर विकायचा अधिकारही. 'नाही' म्हणणारा तिथे बैठकीतच 'नाही' म्हणतो. आपल्याकडे तो बैठकीत मान डोलावतो आणि त्याचा नकार डिसेंबरात कळतो, काम झालेले नसते तेव्हा.

झेपेल तेवढाच आकडा रोज कसा धरायचा, हे पाहायचे तर तेंदूच्या हंगामातले घर बघा. पहाटे जंगलात गेलेले कुटुंब संध्याकाळपर्यंत पुडे बांधून फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, पोचवता येतील एवढीच पाने तोडते. घरात बांधणारे हात किती, हे सकाळी निघतानाच धरलेले असते. जादा तोडली तर ती सुकून वाया जातात.

म्हणून यंदाचे तक्ते करणाऱ्यांना माझी विनंती आहे. वरोरा आणि भामरागड यांच्यापुढे एकच आकडा लिहू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे दर पावसाळ्याचे आहे. तिथला जुलै-ऑगस्टचा आकडा तिथल्या आशाताईला, परिचारिकेला, वनरक्षकाला विचारून लिहा. त्यांनी 'निम्मं होईल' म्हटले तर निम्मेच लिहा, आणि उरलेल्या निम्म्यासाठी होडी, माणूस आणि औषधाचा साठा पाऊस सुरू व्हायच्या आधी पाठवा.