अण्णांची गाठ

आमच्या सोसायटीतले अण्णा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची गाठ मारायची सवय काही निवृत्त झाली नाही. रद्दीला सुतळी, लाइट बिलांना दोरा, वाणसामानाच्या पुड्यांना रबरबँड. सुटं काही दिसलं की त्यांचा जीव वरखाली होतो. अशा माणसाला नातवाने पॉवरपॉइंट शिकवायला घेतलं. "आजोबा, आकृत्या निवडायच्या आणि कंट्रोल-जी दाबायचं. सगळ्या मिळून एक होतात."

"म्हणजे गाठच की रे!" अण्णा गहिवरले.

तेव्हापासून 'ग्रुप' हा शब्द त्यांच्या घरातून हद्दपार आहे. बांधायला दोन बटणं, सोडायला मधे शिफ्ट धरून तीन. "यातच काय ते आलं," अण्णा म्हणतात.

गणेशोत्सवाचं पत्रक अर्थातच त्यांच्याकडे गेलं. पिवळ्या आयतावर त्यांनी बाप्पा साकारला : पोटाला गोल, कानांना लंबगोल, सोंडेला वाकडी रेघ, असे मोजून 31 तुकडे. उंदीर मात्र शेपटीसकट एका दमात काढलेला. मग बाप्पाला उजवीकडे न्यायचं ठरलं.

अण्णांचं निवडणं बघण्यासारखं असतं. कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात, श्वास रोखलेला. माउस दाबून चौकट ओढायला गेले, तर मागचा पिवळा आयतच सरकला. "पडदा पडला," काकू आतून म्हणाल्या. दुसऱ्यांदा त्यांनी स्लाइडच्या बाहेरून सुरुवात केली. या चौकटीचा कायदा कडक : वस्तू पुरती आत आली तरच निवडली जाते. उंदराची शेपटी तेवढी बोटभर बाहेर राहिली. गाठ बसली, बाप्पा उजवीकडे निघाले आणि वाहन जागच्या जागी.

"गाठ सोडून पुन्हा मारा," मी म्हटलं.

"मारलेली गाठ सोडायची? वरून दुसरी मारू!" शिफ्ट धरून त्यांनी उंदरावर टिचकी मारली आणि दुसरी गाठ बसली. मग समई राहिली म्हणून तिसरी, मोदक राहिले म्हणून चौथी. संध्याकाळपर्यंत सात झाल्या.

त्यांना थोडा दम खाऊ द्यावा म्हणून मी इतिहास काढला. 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' केलं. पडद्यावर लाइट पेनने रेघा काढायच्या. मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. अण्णांनी मान डोलावली. "मुख्यालयाचं परिपत्रक! पण आपोआप अंमलबजावणी? आमच्या 35 वर्षांत नाही बघितली."

इतक्यात सेक्रेटरींचा निरोप आला : आरती साडेसातला नाही, आठला. वेळ सातव्या गाठीच्या पोटात. नुसती त्या अक्षरांवर टिचकी मारली तरी गाठ न सोडता वेळ बदलता येते, हे मी करून दाखवलं. अण्णांचा चेहरा पडला. फीत न सोडता फायलीतला कागद ओढणं त्यांच्या लेखी लबाडी होती. त्यांनी माझा बदल रद्द केला, रीतसर सातही गाठी सोडल्या, वेळ बदलली आणि "आता एकदाच, पक्की" म्हणून नव्याने चौकट ओढली. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, श्वास रोखलेला.

पत्रक आता खाली फलकावर लागलं आहे. आरती आठला. बाप्पा उजवीकडे आहेत, उंदीर डावीकडे वर्गणीच्या आकड्याशेजारी एकटा बसला आहे. त्याला कोणी हात लावू नये. अण्णा सुतळी आणायला गेले आहेत.