आमंत्रण १२७ जणांना, पाट दोन

१९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं, तेव्हा एका कंट्रोलरवर १२७ उपकरणं चालतील असा शब्द दिला गेला. कागदावर तो आजही खरा आहे. फक्त त्या आकड्यात हबही धरतात, आणि डेस्कटॉपच्या तोंडावर पोर्टं असतात दोन. त्यातलं एक वायरलेस माउसच्या रिसीव्हरने कायमचं बळकावलेलं.

मग गिऱ्हाईक लॅमिंग्टन रोडवरून चार तोंडांचा स्वस्त हब आणतं. हार्ड डिस्क लावली की ती टकटक करते, दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर काहीच उमटत नाही. शिव्या खाते डिस्क. वास्तविक यूएसबी २.० चं पोर्ट देतं ५०० मिलिअँपिअर. अडॅप्टर नसलेला हब नियमाप्रमाणे त्यातले १०० स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले चौघांत शंभर-शंभर वाटतो. माउसचं त्यात भागतं, फिरणाऱ्या डिस्कचं नाही.

पक्का उपाय कॅबिनेटच्या आत. तिथे कधी कधी पुढच्याच पॅनेलची निळी वायर रबरबँड गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली सापडते. असेंबल करणाऱ्याने ती मदरबोर्डला जोडलेलीच नसते! सापडली नाही, तर पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड. मागची पत्र्याची पट्टी काढा, कार्ड दाबून बसवा, स्क्रू आवळा. काही कार्डांना एसएमपीएसची वेगळी वायरही लागते, हे खोक्यावर बारीक अक्षरांत असतं.

चार पोर्टं वाढतात. सगळी मागे, भिंतीकडे तोंड करून. पेनड्राइव्ह लावायला मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून टेबलाखाली रांगायचं, आणि तो पहिल्या खेपेला उलटाच लावायचा.